शिक्का कोणाच्या हाती?
(आकाशवाणीवरील भाषण)

पत्र म्हटले की त्यामागे एक हात असतो, असे आपण गृहीत धरतो. कोणीतरी ते लिहिलेले असते, कोणीतरी त्याची घडी घातलेली असते, आणि कोणीतरी ते पेटीत टाकलेले असते. परंतु गेल्या अर्धशतकात असे एक पत्र जन्मास आले आहे की, ते निघते त्या क्षणी त्यामागे कोणाचाच हात नसतो. संगणकात एक साधी लिखित फाइल असते. आज्ञांचा एक लहानसा कागद, म्हणजे आज्ञावली, ठरलेल्या वेळी जागी होते, ती फाइल वाचते, तिच्यातील मजकूर ई-मेलमध्ये भरते आणि रवाना करते. पाठविणारा त्या वेळी जेवत असेल, झोपला असेल, कदाचित नोकरी सोडूनही गेला असेल. पत्र मात्र त्याच्याच नावाने जाते.

ह्या विषयाकडे मी वळलो तो स्वतःच्या एका चुकीमुळे. मी पूर्वी ज्या शाळेत शिकवीत असे, तेथे रोज सायंकाळी गैरहजर मुलांची यादी पालकांना ई-मेलने कळवावी असे ठरले. आमच्या मंठाळ भागातील पुष्कळ पालक पोटासाठी पुण्यास, मुंबईस, हैदराबादेस गेलेले असतात. मुले आजीआजोबांजवळ राहतात. तेव्हा ही सोय चांगलीच होती. आज्ञावली लिहिण्याचे काम थोडीफार माहिती असल्यामुळे माझ्याकडे आले. दहाबारा ओळींत ते झाले. कार्यालयातील कारकुनाने यादी फाइलमध्ये लिहून ठेवावी आणि सहा वाजता ती आपोआप जावी, अशी योजना होती. काही महिने ती बिनबोभाट चालली.

एके दिवशी दुपारभर वीज नव्हती. कारकुनाला नवी यादी लिहिता आली नाही. सायंकाळी वीज आली, सहा वाजले, आणि माझ्या आज्ञावलीने आदल्या दिवशीची यादी आजची तारीख घालून पाठवून दिली. आदल्या दिवशी तापामुळे न आलेला एक मुलगा त्या दिवशी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसला होता. त्याच्या वडिलांना मात्र परगावी असे कळले की, मुलगा सलग दोन दिवस शाळेत गेलेला नाही. मुलाने ‘मी गेलो होतो’ म्हणून सांगितले. वडिलांनी ते खोटे मानले, कारण शाळेचे पत्र हाती होते. त्या आठवड्यातच मुलाला दाखला काढून कामावर बोलावण्याची भाषा सुरू झाली. अखेर मी एक पत्र स्वतःच्या हाताने लिहिले, खाली सही केली, आणि चूक माझी आहे असे कळविले. मुलगा शाळेत राहिला. पण एक प्रश्न मनात घर करून बसला: जे पत्र कोणी पाठविलेच नाही, त्याची जबाबदारी कोणाची?

शोध घेता असे दिसले की, हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. तो फार जुना आहे, आणि त्याची उत्तम उदाहरणे आमच्याच बीदर-कलबुर्गीच्या मातीत पडलेली आहेत.

कलबुर्गी जिल्ह्यात भीमा नदीच्या काठी सन्नती नावाचे गाव आहे. तेथील चंद्रलांबेच्या देवस्थानाच्या परिसरात कालीमंदिराचे छत १९८० च्या दशकात कोसळले, आणि मूर्तीखालच्या पाषाणावर सम्राट अशोकाचे लेख कोरलेले आढळले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हे लेख म्हणजे एकच मजकूर अनेक ठिकाणी पाठविण्याचा आपल्या देशातील फार जुना प्रयत्न होय. पाटलिपुत्राहून निघालेला मजकूर वायव्य सरहद्दीपासून कर्नाटकापर्यंत ठिकठिकाणी खडकावर कोरला गेला. सन्नतीच्या शिळेवर एका अंगास बारावा व चौदावा लेख आहे, तर दुसऱ्या अंगास ते दोन स्वतंत्र लेख आहेत, जे एरवी फक्त कलिंगात, धौली व जौगड येथे सापडतात. कलिंगातील प्रतींत ह्या लेखांचे वाचन तिष्य नक्षत्राच्या दिवशी करावे, असे सांगितले आहे. म्हणजे काय पाठवावयाचे, कोणाला, आणि कोणत्या दिवशी वाचावयाचे, हे सारे आधीच ठरलेले. राजा प्रत्यक्ष हजर नसताना त्याचा शब्द वेळापत्रकानुसार बोलत होता.

परंतु खरे महत्त्व आहे ते चौदाव्या लेखाला. त्यात अशोकाने मोकळेपणाने असे कबूल केले आहे की, हे लेख कोठे संक्षिप्त, कोठे मध्यम व कोठे विस्तृत आहेत. आणि कोठे काही अपुरे राहिले असेल, तर ते स्थळामुळे, अन्य कारणामुळे वा लेखनिकाच्या चुकीमुळे झालेले असेल. एवढा मोठा सम्राट, पण नकलेत चूक होऊ शकते हे त्याने पाषाणावरच नोंदवून ठेवले! माझ्या दहाबारा ओळींच्या आज्ञावलीत अशी एकही ओळ नव्हती.

आता सन्नतीहून कल्याणास येऊ. आमच्या मंठाळचा तालुका बसवकल्याण. अकराव्या-बाराव्या शतकांत ती चालुक्यांची राजधानी होती, आणि सहाव्या विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवरील आपली ‘मिताक्षरा’ ही टीका तेथेच लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यासाठी तिचे नाव भारतभर घेतले जाते. पण दस्तऐवज कसा असावा ह्याचाही तीत बारकाईने विचार आहे. राजाचे दानपत्र कापडावर वा ताम्रपटावर असावे. त्यावर राजाची स्वतःची मुद्रा, स्वतःच्या हाताचे चिन्ह आणि काळाचा उल्लेख असावा. कर्जाच्या लेखावर ऋणकोने आपल्या व पित्याच्या नावानिशी, वर लिहिलेले मला मान्य आहे, असे स्वहस्ते लिहावे. साक्षीदारांनी आपापली नावे स्वतः घालावीत. आणि शेवटी लेखनिकानेही, अमक्याच्या पुत्राने, म्हणजे मी, दोघांच्या विनंतीवरून हे लिहिले, असे नमूद करावे.

ह्यातील शेवटची अट मला विशेष विचार करावयास लावते. मजकूर कोणाचा आणि लेखणी कोणाची, हे दोन्ही कागदावर स्वतंत्रपणे दिसले पाहिजे, असा हा दंडक आहे. लेखनिक हा अदृश्य राहता कामा नये. पश्चिमेकडेही हीच दक्षता आढळते. नव्या करारातील रोमकरांस पत्र हे पौलाचे; पण ते लिहून घेणारा तर्तियस त्यात मध्येच स्वतःचे नाव सांगून नमस्कार करतो. आणि थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राअखेर पौल स्वतःच्या हाताची खूण दाखवितो, कारण त्याच्या नावाने खोटी पत्रे फिरण्याची भीती होती.

ही भीती किती खरी असते, ते पंधराव्या शतकात बीदरने पाहिले. इराणातील गिलानहून व्यापाराच्या निमित्ताने आलेला महमूद गवान बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने उभारलेल्या मदरशाचा उंच मनोरा आजही बीदरमध्ये दिसतो. हा पुरुष पत्रलेखनाचा आचार्य होता. त्याच्या पत्रांचा ‘रियाझ-उल-इन्शा’ हा संग्रह प्रसिद्ध आहे. हेरातचा कवी जामी ह्याच्याशी आणि तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाशीही त्याचा पत्रव्यवहार होता. बीदरचा कागद खुष्कीने व समुद्राने एवढा दूर जात असे, आणि त्यावरचा शिक्का पाहून लोक तो खरा मानीत.

त्याच शिक्क्याने त्याचा घात केला. इतिहासकार फरिश्ता सांगतो की, दरबारातील विरोधकांनी गवानाचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामास आपलेसे केले, आणि त्याच्याकडून घडी घातलेल्या कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. मग त्या कोऱ्या जागेत ओडिशाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला, आणि तो कागद सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहापुढे ठेवला. शिक्का माझा आहे, पण पत्र माझे नाही, अशा आशयाचे उत्तर वृद्ध वजिराने दिले. सुलतानाने ते ऐकले नाही. १४८१ च्या एप्रिलमध्ये कोंडापल्लीच्या छावणीत गवानाचा शिरच्छेद झाला. पुढल्याच वर्षी सुलतान वारला, आणि काही वर्षांत बहमनी राज्याची पाच शकले झाली. राज्ये मोडण्यास अनेक कारणे असतात हे खरे. परंतु एका कोऱ्या कागदावरच्या शिक्क्याचा त्यात वाटा होता, हे नाकारता येत नाही.

श्रोतेहो, ‘आधीच शिक्का मारून ठेवलेला कोरा कागद’ हे शब्द लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम आहे.

ब्रिटिश अमदानीत १८५४ मध्ये देशभर एकसारख्या दराचे टपाल सुरू झाले, आणि त्याच सुमारास तारयंत्रही जनतेस खुले झाले. आमचा मुलूख निजामाचा. हैदराबाद संस्थानाची टपालव्यवस्था निराळी, आणि १८६९ पासून तिकिटेही निराळी. १९५० मध्ये ती व्यवस्था भारतीय टपालात विलीन झाली. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा दुभंगला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, आणि बसवकल्याण, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. मामा एका राज्यात आणि भाची दुसऱ्या, अशी घरोघर स्थिती झाली. पोस्टकार्ड मात्र सीमा न विचारता जात राहिले. तारेची गंमत अशी की, ती विजेच्या वेगाने जाई, तरी पाठविणाऱ्याचा हात सुटत नसे. फॉर्मवर त्याची सही घेतली जाई, आणि तो फॉर्म कार्यालयात राही. तारेची ही सेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली.

तोवर तिचे काम दुसऱ्याने उचलले होते. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन ह्या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले, आणि नाव व ठिकाण ह्यांच्यामध्ये ‘अॅट’चे चिन्ह घालण्याची रीत पाडली. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीच्या पहिल्या माहितीपुस्तकात ‘मेल’ नावाची आज्ञा नोंदली गेली. युनिक्सची शिकवण अशी की, प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे, आणि एकीतून निघालेला मजकूर दुसरीत ओतता यावा. तेव्हा फाइलमधील मजकूर ‘मेल’ आज्ञेत ओतला की पत्र तयार! १९७९ च्या आवृत्तीपर्यंत ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरीही त्या प्रणालीत आला होता. सांगितलेल्या मिनिटाला तो सांगितलेली आज्ञा चालवितो. अशा रीतीने अशोकाचे तिष्य नक्षत्र यंत्रात येऊन बसले.

पत्र एका यंत्राने दुसऱ्याकडे कसे सोपवावे, ह्याचे नियम जॉन पोस्टेल ह्यांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केले. ते मोठे मनोरंजक आहेत. पाठविणारे यंत्र प्रथम नमस्कार करते व आपले नाव सांगते. मग पत्र कोणाकडून ते सांगते. मग कोणाला ते सांगते. दुसरे यंत्र प्रत्येक वाक्याला अंकांत रुकार देते. नंतर ‘आता मजकूर’ अशी सूचना होते, आणि मजकूर ओळीमागून ओळ जातो. शेवटी एका ओळीवर फक्त एक पूर्णविराम आला की पत्र संपले. मजकुरातच कोठे एकटा पूर्णविराम असेल तर घोटाळा नको, म्हणून पाठविणारे यंत्र त्याच्यापुढे आणखी एक टिंब जोडते आणि घेणारे ते काढून टाकते. इतकी काळजी! परंतु ‘पत्र कोणाकडून’ ह्या प्रश्नाचे उत्तर खरे आहे की खोटे, हे तपासण्याची काहीच तरतूद त्या नियमांत नव्हती. ही जाळी विद्यापीठांची व संशोधकांची; तेथे बहुतेक परस्परांना ओळखत. मिताक्षरेने मागितलेली स्वमुद्रा आणि स्वहस्त दोन्ही तेथे वगळली गेली.

दुसरी उणीव आपल्या भाषेला जाचली. ते नियम केवळ रोमन अक्षरांसाठी केलेले होते. १९८६ मध्ये भारतात अर्नेट ह्या शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला, मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर संस्था आणि आय.आय.टी. ह्यांच्यात ई-मेल जाऊ लागले, १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सोय जनतेस खुली झाली. तरी मराठी माणूस मराठी पत्र रोमन लिपीतच लिहीत होता. १९९१ च्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे घर दिले, आणि १९९२ मध्ये ‘माइम’ नावाच्या नियमांनी पत्रातील लिपी कोणती हे सांगण्याची सोय केली. आज ‘मंठाळ’ हा शब्द यूटीएफ-८ पद्धतीने पंधरा बाइटांत बसतो. मात्र आज्ञावलीने लिपीचे नाव सांगितले नाही, तर ‘ळ’ सकट सारे गाव प्रश्नचिन्हांत बुडते. माझ्या पहिल्या चाचणीत ते बुडाले होते, हे कबूल केले पाहिजे.

आणि आता तो शिक्का मारलेला कोरा कागद. आज्ञावलीने आपल्या नावाने पत्र धाडावे, तर तिला आपला पासवर्ड द्यावा लागतो. बहुतेक जण तो आज्ञावलीतच सरळ लिहून मोकळे होतात. ती फाइल ज्याच्या हाती लागेल, त्याच्या हाती आपला शिक्का लागला. ४ मे २००० रोजी ह्याहूनही विलक्षण घडले. मनिला येथून निघालेले प्रेमपत्राच्या नावाचे एक ई-मेल जगभर पसरले. त्याला जोडलेली फाइल लिखित मजकुराची दिसे. ती होती आज्ञावली. उघडणाऱ्याच्या संगणकातील सर्व पत्ते वाचून ती त्याच्याच नावाने स्वतःची प्रत सर्वांना पाठवी. ओळखीच्या नावावर विश्वास ठेवून लाखो लोकांनी ती उघडली. ‘शिक्का माझा, पत्र माझे नाही’ हे गवानाचे उत्तर त्या दिवशी लाखो मुखांनी दिले गेले. फिलिपाइन्समध्ये त्यासाठी लागू पडेल असा कायदाच त्या वेळी नव्हता; म्हणून संशयितावरील आरोप मागे घ्यावे लागले.

त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर २००० पासून, आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि अंकीय सहीला कायद्याची मान्यता मिळाली. २००७ मध्ये ‘डीकिम’ नावाची पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तीत पाठविणारी संस्था प्रत्येक पत्रावर गणिती शिक्का मारते. शिक्क्याची गुप्त किल्ली संस्थेजवळ राहते, आणि तो पडताळण्याची किल्ली सर्वांना खुली असते. मजकूर वाटेत बदलला तर शिक्का जुळत नाही. कोऱ्या कागदावर आगाऊ उमटविता न येणारा हा शिक्का आहे, कारण तो त्या विशिष्ट मजकुरातूनच घडतो. २०२४ पासून गूगल व याहू मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांकडून अशी मुद्रा सक्तीने मागू लागले. मिताक्षरेची अट नऊशे वर्षांनी यंत्रांनी मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. ही मुद्रा पत्र कोणत्या संस्थेतून निघाले एवढे सांगते. ते खरे आहे की नाही, हे ती सांगत नाही. माझ्या त्या सायंकाळच्या पत्रावर शाळेचा शिक्का अगदी अस्सल होता. खोटी होती ती यादी. जो शिक्का शंभर दिवस खरे बोलला, त्यानेच एकशे एकाव्या दिवशी एका मुलाला खोटे पाडले. खोटा शिक्का बापाने कदाचित ओळखला असता. खऱ्या शिक्क्यापुढे मुलाचे बोलणे टिकले नाही.

त्यानंतर मी आज्ञावलीत थोड्या ओळी वाढविल्या. फाइल आजची आहे का, ती रिकामी नाही ना, हे ती प्रथम पाहते. शंका आल्यास पालकांना काही न पाठविता शिक्षकाला कळविते. काय पाठविले ह्याची नोंद ठेवते. पासवर्ड आज्ञावलीबाहेर, निराळा, आणि केव्हाही रद्द करता येईल असा ठेवला. आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी दोन वाक्ये घातली: हे पत्र यंत्राने पाठविले आहे, ह्यात चूक आढळल्यास पुढील शिक्षकाला विचारावे. त्याखाली माझे नाव.

ती शाळा मी नंतर सोडली. निघताना कार्यालयात जाऊन मी प्रथम ते नाव बदलले, आणि माझ्या जागी आलेल्या बाईंना त्या ओळी वाचून दाखविल्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, म्हणजे चूक झाली तर लोक मला विचारणार ना?” मी म्हणालो, “होय बाई, त्यासाठीच नाव आहे.” त्यांनी क्षणभर विचार केला, आणि खुर्ची ओढून स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले.